तीन उन्हाळ्यांची हमी

नमुना क्रमांक एक्केचाळीस. नीहारजवळचं हरितगृह,
दक्षिण उतार, तारेला टेकलेली घडी.
कागद फाटतो तो नेहमी तिथेच.
दुपारी ती तार इतकी तापते
की इद्दर बोटांना चिंधी गुंडाळल्याशिवाय तिला हात लावत नाही.

तीन उन्हाळ्यांची हमी होती.
दुसऱ्याच उन्हाळ्यात, पश्चिमेचा वारा सुटला त्या रात्री,
टोमॅटोच्या बावीस ओळी उघड्या पडल्या.
मालकाने एक तुकडा चिमटीत धरून मोडून दाखवला.
"बिस्किट," तो म्हणाला.
कंपनीने मला पाठवलं: कात्री, पाकिटं
आणि एकच प्रश्न.
गंधक किती?

आत काय घडतं ते कुणी पाहिलेलं नाही.
आम्ही आलेखावरून सांगतो,
ठसे बघून जनावर ओळखावं तसं.
लांबच लांब साखळी, कार्बनला कार्बन,
दोन्ही अंगांना हायड्रोजन, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
मग ऊन कुठेतरी नेमकं लागतं
आणि एक हायड्रोजन निसटतो.
कार्बनचा एक हात मोकळा होतो.
मोकळा हात फार वेळ मोकळा राहत नाही.
ऑक्सिजन टपलेलाच असतो. तो येऊन धरतो,
आणि ही नवी जोडी शेजारच्या साखळीच्या
पाठीवर थाप मारते:
खो.
तिचा हायड्रोजन घेऊन आपण खाली बसते.
ती उठते, धावते, ऑक्सिजन धरते.
खो.

बसलेले गप्प झाले असं समजू नये.
त्यांच्या पदरात पेरॉक्साइड असतं,
दोन ऑक्सिजनमधली कच्ची गाठ.
तापलेल्या तारेजवळ ती सुटते
आणि एका बसलेल्यातून दोघे उठून धावू लागतात.
त्यातल्या एखाद्याचा कणाच मधोमध मोडतो.
तुटल्या टोकाचं कार्बोनिल तेवढं मला दिसतं,
सतराशे पंधराला, आलेखावरचा सुळका.
नमुना एक्केचाळीसचा सुळका
कागदाबाहेर गेला. मी मापपट्टी बदलली.

आम्ही राखणदार घालतो, नाही असं नाही.
अमाइन. धावत्याला धरतात, बसवतात,
पुन्हा पुढच्यासाठी मोकळे होतात.
पण भुरी पडली की शेतात रात्रभर गंधक जाळतात,
त्याचं आम्ल लागलं
की राखणदारांचे हात कायमचे बांधले जातात.

इद्दर म्हणाला, मला चार तास सांगितले होते, नंतर आठ.
मालक म्हणाला, गडी भांडी चालू ठेवून झोपला.
दोघेही माझ्याकडे बघत होते,
जणू माझ्या पाकिटात घड्याळ आहे.

"फेब्रुवारीतच आवाज बदलला," इद्दर मला नंतर म्हणाला, पंपापाशी.
"आधी फडफडायचा. मग खुळखुळायला लागला.
सांगितलं होतं."
कुणाला, ते त्याने सांगितलं नाही.

पहिला हायड्रोजन कुणी घेतला?
पुस्तकात तिथे एक बाण असतो,
बाणाच्या शेपटीपाशी कोरी जागा.
आमच्याच कारखान्यात, दोनशे अंशांवर,
वितळलेल्या प्लास्टिकचा फुगा वर चढत होता
तेव्हाही थोडी हवा आत होतीच.
तेव्हाही कुणीतरी कुणाला तरी खो दिला असेल.
त्याला अहवालात रकाना नाही.

मी लिहिलं: गंधक, मर्यादेच्या दुपटीवर. हे खरं आहे.
त्याखाली लिहिलं: प्रारंभ अनिश्चित.
वरून फोन आला. दुसरी ओळ गेली.
तळाशी बारीक अक्षरांत माझं नाव राहिलं, ए. गालिंदो.

हमी नाकारली गेली. मालकाने नवा कागद
दुसऱ्या कंपनीकडून घेतला.
इद्दरचे तीन आठवड्यांचे पैसे कापले.

ऑक्टोबरात मी दुसऱ्या शेतासाठी त्याच रस्त्याने गेले.
कोरड्या ओढ्याच्या काठाला खोपटांची रांग आहे.
त्यातल्या एकावर मी तो कागद ओळखला,
दुहेरी घातलेला, कडांना दगड ठेवलेले,
तारेच्या घडीची चीर शिवलेली, मासेमारीच्या दोऱ्याने.
दारात इद्दर बाही झटकत होता.
पांढरा चुरा उडत होता, पिठासारखा.

दोन धावणारे एकमेकांवर आदळले
की खेळ थांबतो, असं शिकवतात.
रात्री इथे गारवा पडतो.
गारव्यात तो थांबत नाही, हळू होतो.